आर्थिक कॅल्क्युलेटरवर निव्वळ वर्तमान मूल्य काढताना एक्सेलशी उत्तर जुळत नाही

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

नमस्कार. आमच्या डाळमिलमध्ये तुरीच्या डाळीतील काळे व डागाळलेले दाणे वेगळे काढणारे सॉर्टेक्स यंत्र घ्यावे की नाही, याचा हिशेब मी सध्या करीत आहे. यंत्राची किंमत, वाहतूक, जोडणी आणि परत न मिळणारा जीएसटी मिळून आरंभीचा खर्च २४,००,००० रुपये धरला आहे. पहिल्या वर्षी यंत्र बसून हात बसेपर्यंत वेळ जाईल, म्हणून त्या वर्षी कर भरून झाल्यानंतरची निव्वळ आवक ५,००,००० धरली आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ती प्रत्येकी ७,५०,००० असेल. पाचव्या वर्षी तेवढीच आवक आणि यंत्र विकून येणारे ४,००,००० मिळून ११,५०,००० होतील. वटावदर, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमेची आजची किंमत काढण्याचा वार्षिक दर, १२ टक्के घेतला आहे.

पुतण्या सीएफए या आर्थिक विश्लेषकांच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीचा अभ्यास करीत असल्यामुळे घरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए २ प्लस कॅल्क्युलेटर आहे. त्यावर निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या सगळ्या आवकेची आजची किंमत, आरंभीचा खर्च वजा करून) ३,०७,३३८.६१ येते. हेच आकडे एक्सेलमध्ये एका रांगेत भरून एनपीव्हीचे, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्याचे, सूत्र लावले, तर २,७४,४०९.४७ येते. आकडे दोनदा तपासले आहेत. यांपैकी कोणते उत्तर बँकेच्या प्रकल्प अहवालात घालावे आणि फरक कशामुळे पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गणितमित्र (पुणे)

अशा वेळी दोन उत्तरांची वजाबाकी करण्याऐवजी भागाकार करून पाहावा. ३,०७,३३८.६१ भागिले २,७४,४०९.४७ याचे उत्तर १.१२ येते, म्हणजे तुमचा वटावदर अधिक एक. याचा अर्थ एक्सेलने सगळेच रोखप्रवाह एक वर्ष जास्त मागे आणले आहेत.

एक्सेलचे एनपीव्ही सूत्र कंसात दिलेला पहिला आकडा पहिल्या कालावधीच्या अखेरीस आला असे मानते. तुम्ही रांगेत पहिला आकडा उणे २४ लाख दिला, म्हणून त्याने यंत्राचे पैसे एका वर्षाने द्यायचे आहेत असे समजून तेही १.१२ ने भागले आणि पुढचे सगळे आकडे एकेक वर्ष पुढे ढकलले. कॅल्क्युलेटरमध्ये आरंभीच्या रकमेसाठी ‘सीएफ शून्य’ अशी स्वतंत्र जागा असते आणि तिच्यावर वटाव बसत नाही. म्हणून सूत्राच्या कंसात केवळ पहिल्या ते पाचव्या वर्षाचे आकडे द्यावेत आणि आरंभीचे उणे २४ लाख कंसाबाहेर मिळवावेत. उत्तर पैशापर्यंत जुळेल. गूगल शीट्समध्येही हेच सूत्र याच पद्धतीने चालते. अहवालात ३,०७,३३८.६१ घालावे.

ही चूक वर्षानुवर्षे टिकून राहते, कारण ती निर्णय उलटा करीत नाही. धन संख्येला १.१२ ने भागले तरी ती धनच राहते आणि एकाच दराने तपासलेल्या दोन प्रकल्पांचा क्रमही बदलत नाही. रक्कम पुढे दुसऱ्या कशासाठी वापरायची असेल, उदाहरणार्थ यंत्र विक्रेत्याशी भाव ठरवताना जास्तीत जास्त किती देता येईल हे काढायचे असेल, तेव्हा मात्र ती अंगाशी येते.

सीमोल्लंघन (सिंगापूर)

उत्तर बरोबर आले आहेच, तरी पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी बीए २ प्लसवरील कळांचा क्रम पूर्ण लिहून ठेवतो, कारण मी परीक्षेसाठी हाच कॅल्क्युलेटर वापरला आहे. सीएफए परीक्षेत केवळ दोन जातींचे कॅल्क्युलेटर चालतात: बीए २ प्लस (त्याच्या प्रोफेशनल आवृत्तीसह) आणि एचपी १२सी.

प्रथम सीएफ ही कळ दाबावी आणि लगेच सेकंड व सीएलआर वर्क दाबून जुने आकडे पुसावेत. मग २४००००० लिहून अधिक-उणे चिन्हाची कळ दाबावी आणि एंटर करावे. खालचा बाण दाबला की ‘सी०१’ दिसते, तेथे ५००००० एंटर. पुन्हा बाण दाबल्यावर ‘एफ०१’ दिसते, म्हणजे ही रक्कम लागोपाठ किती वेळा येते ती संख्या. ती आपोआप १ असते, म्हणून तशीच ठेवावी. पुढे ‘सी०२’ येथे ७५०००० एंटर, ‘एफ०२’ येथे ३ एंटर, आणि ‘सी०३’ येथे ११५०००० एंटर. शेवटी एनपीव्ही कळ दाबून ‘आय’ समोर १२ एंटर करावे, बाण दाबावा आणि सीपीटी (उत्तर काढण्याची कळ) दाबावे. उत्तर ३,०७,३३८.६१. त्यानंतर आयआरआर आणि सीपीटी दाबले, तर अंतर्गत परतावा दर (ज्या वटावदराला निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते तो) १६.४९ टक्के दिसतो.

पुसण्याबाबत विशेष सांगावेसे वाटते. कॅल्क्युलेटर बंद केल्याने रोखप्रवाहांची यादी जात नाही. सेकंड व सीएलआर टीव्हीएम या जोडीने केवळ कालमूल्याच्या (समान हप्त्यांच्या हिशेबाच्या) पाच कळा रिकाम्या होतात, रोखप्रवाहांना तिचा स्पर्शही होत नाही. आधीच्या उदाहरणात सहा रोखप्रवाह असतील आणि नव्या उदाहरणात चारच भरले, तर उरलेले दोन जुने आकडे गुपचूप बेरजेत येतात, आणि पडद्यावर तसे काहीही दिसत नाही.

दिवाणजी_६४ (नागपूर)

‘एफ’ची संख्या भरायची राहिली तर काय होते, हेही नव्या मंडळींनी एकदा करून पाहावे. वरच्या उदाहरणात ‘एफ०२’ येथे ३ न घालता १ तसाच ठेवला, तर कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने यंत्र तिसऱ्या वर्षीच विकले जाते. उत्तर उणे ५,३७,१२८.७४ येते. म्हणजे एका कळेमुळे तीन लाखांचा फायदा पाच लाखांच्या तोट्यात जातो.

चिन्ह विसरण्याची गोष्ट त्यामानाने सौम्य आहे, कारण ती लगेच उघडी पडते. उणे चिन्ह न देता २४ लाख भरले, तर निव्वळ वर्तमान मूल्य ५१,०७,३३८.६१ येईल आणि ते आकड्याकडे पाहूनच खटकेल. तरीही लक्षात आले नाही तर आयआरआर काढून पाहावे. सगळेच रोखप्रवाह एका चिन्हाचे असल्यामुळे बीए २ प्लस ‘एरर ५’ दाखवतो. पैसे दिलेच नाहीत तर परतावा कशावर मोजणार, असा त्याचा साधा अर्थ आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

माझ्याकडे एचपी १२सी आहे. हे यंत्र १९८१ साली बाजारात आले आणि अजून विकले जाते. त्यावर बरोबरचे चिन्ह नाही, आधी आकडे आणि मग क्रिया अशी उलटी पोलिश पद्धत आहे. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी क्रियाचिन्हे आकड्यांच्या आधी लिहिण्याची जी पद्धत मांडली, तिची ही उलट बाजू. ‘पोलिश’ हे विशेषण तेथून आले.

क्रम असा. सोनेरी एफ आणि क्लिअर रेग. मग २४०००००, सीएचएस (चिन्ह बदलण्याची कळ), निळी जी, सीएफ शून्य. ५०००००, जी, सीएफजे. ७५००००, जी, सीएफजे. लगेच ३, जी, एनजे. ११५००००, जी, सीएफजे. नंतर १२ लिहून आय, आणि एफ एनपीव्ही. उत्तर तेच. येथे एनजे ही कळ नुकत्याच भरलेल्या रकमेला लागू होते, म्हणून ती पुढची रक्कम भरण्यापूर्वी दाबावी लागते. अंतर्गत परतावा दर काढताना जुन्या १२सीवर काही क्षण ‘रनिंग’ असे लुकलुकत राहते. घाबरू नये, ते अंदाज सुधारत सुधारत उत्तराकडे जात असते.

खतावणी (लातूर)

आमच्याकडे यांपैकी एकही कॅल्क्युलेटर नाही. पेढीवर बारा आकडी साधा सिटिझन आहे. त्यावर हे करता येते का? एकेका वर्षाचा गुणक काढून गुणायचा आणि कागदावर लिहून बेरीज करायची, हे मला माहीत आहे, पण त्यात वेळ फार जातो.

दिवाणजी_६४ (नागपूर)

करता येते, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने आधी त्याच कॅल्क्युलेटरवर करावे. युक्ती एवढीच की हिशेब शेवटच्या वर्षापासून उलटा सुरू करायचा.

पाचव्या वर्षाचे ११,५०,००० घ्या आणि १.१२ ने भागा. १०,२६,७८५.७१ येतात. ही त्या रकमेची चौथ्या वर्षाअखेरची किंमत झाली. तिच्यात चौथ्या वर्षाचे ७,५०,००० मिळवा: १७,७६,७८५.७१. पुन्हा १.१२ ने भागा: १५,८६,४१५.८२. तिसऱ्या वर्षाचे ७,५०,००० मिळवा आणि भागा: २०,८६,०८५.५५. दुसऱ्या वर्षाचे मिळवा आणि भागा: २५,३२,२१९.२४. पहिल्या वर्षाचे ५,००,००० मिळवा: ३०,३२,२१९.२४. शेवटचा भागाकार: २७,०७,३३८.६१. यातून यंत्राचे २४ लाख वजा केले की ३,०७,३३८.६१. कागदावर काहीही लिहावे लागत नाही, स्मृतीची कळ लागत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर जो आकडा असतो त्याला अर्थ असतो.

दरवर्षी सारखीच रक्कम येत असेल, तर आणखी सोपा मार्ग आहे. सिटिझनवर १ भागिले १.१२ करून बरोबरचे चिन्ह पाच वेळा दाबावे. दर दाबण्याला पुढच्या वर्षाचा गुणक येतो, आणि नंतर जीटी (एकूण बेरजेची कळ) दाबले की पाचही गुणकांची बेरीज ३.६०४७७६ मिळते. कॅसिओच्या बऱ्याच टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांवर मात्र १.१२ लिहून भागाकाराचे चिन्ह दोनदा दाबावे लागते, मग १ आणि बरोबर, बरोबर. सीएच्या शिकवण्यांत ही युक्ती अजून चालते.

खतावणी (लातूर)

उलट्या हिशेबाने उत्तर आले. शतशः आभार. आता मूळ प्रश्नकर्त्यांना एक विचारतो. तुम्ही यंत्रासाठी कर्ज घेणार असाल, तर कर्जाचे हप्ते आवकेतून वजा केले आहेत का? आमच्या सल्लागाराने अहवालात ते वजा केले होते.

कृष्णाकाठ (सांगली)

हा मुद्दा कळांपेक्षा महत्त्वाचा आहे. आरंभी पूर्ण २४ लाख उणे धरले आणि त्यानंतर कर्जाचे हप्तेही वजा केले, तर तोच खर्च दोनदा मोजला जातो, कारण ते २४ लाख म्हणजेच कर्जाची रक्कम अधिक स्वतःचे पैसे. शिवाय वटावदरात कर्जाचे व्याज आधीच गृहीत धरलेले असते.

मार्ग दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिल्या मार्गात यंत्र जणू रोखीने घेतले असे समजून संपूर्ण प्रकल्पाचे रोखप्रवाह मांडावेत आणि कर्ज व स्वतःचे भांडवल यांच्या मिश्र दराने वटाव लावावा. दुसऱ्या मार्गात आरंभी केवळ स्वतःच्या खिशातून गेलेली रक्कम उणे धरावी, दरवर्षीच्या आवकेतून व्याज व मुद्दल दोन्ही वजा करावे, आणि मालकाला स्वतःच्या पैशावर जो परतावा हवा आहे त्या चढ्या दराने वटाव लावावा. प्रश्नकर्त्यांची मांडणी पहिल्या मार्गाची दिसते, तेव्हा हप्ते वगळणेच योग्य.

घसाऱ्याचेही तसेच. घसारा ही रोख रक्कम नव्हे, त्यामुळे तो आवकेतून वजा करायचा नाही. त्यामुळे जो कर वाचतो तेवढा मात्र आवकेत धरायचा. यंत्रसामग्रीवर सर्वसाधारण घसारा घटत्या किमतीवर १५ टक्के मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षापुरता निम्मा. म्हणून यंत्र सप्टेंबरात बसते की डिसेंबरात, यावर पहिल्या वर्षाची करबचत बदलते.

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

आमची आवक कर भरल्यानंतरची आहे, घसाऱ्याचा लाभ त्यात धरला आहे आणि हप्ते वगळले आहेत. मात्र एक गोष्ट धरलेली नाही. सॉर्टेक्स केलेली डाळ मोठ्या शहरांतील पॅकिंगवाल्यांना जाईल आणि त्यांना उधारी द्यावी लागते. त्यासाठी सुमारे ३ लाख रुपये जास्तीचे अडकून पडतील. ते पैसे बुडणार नाहीत, पाचव्या वर्षाअखेर वसूल होतील. तर ते हिशेबात घेण्याची गरज आहे काय?

गणितमित्र (पुणे)

आहे. आरंभीचे उणे २४ लाख हे उणे २७ लाख होतील आणि शेवटचे ११,५०,००० हे १४,५०,००० होतील. रुपये तेवढेच परत आले, तरी पाच वर्षांनंतरच्या ३ लाखांची आजची किंमत १,७०,२२८.०६ एवढीच आहे, म्हणजे उधारी देण्याचा खरा खर्च १,२९,७७१.९४ झाला. नवे निव्वळ वर्तमान मूल्य १,७७,५६६.६७. खेळते भांडवल ‘परतच येणार आहे’ म्हणून सोडून देणे, हा लहान उद्योगांच्या अहवालांतील मला सर्वांत जास्त दिसलेला दोष आहे. बँकेचे अधिकारी तो पकडतात की नाही, हा वेगळा विषय.

आणि हे आकडे बदलण्यासाठी सगळे पुन्हा भरायला नको. सीएफ दाबून बाणाने हव्या त्या ओळीवर जावे आणि तेवढीच रक्कम नव्याने एंटर करावी.

सीमोल्लंघन (सिंगापूर)

याला जोडून अनुदानाची गोष्ट लिहितो. यंत्रखरेदीवरचे अनुदान बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशी हातात येत नाही. समजा ८,४०,००० रुपये मंजूर झाले आणि ते तिसऱ्या वर्षाअखेर मिळणार असतील, तर त्यांचे वर्तमान मूल्य १२ टक्क्यांनी ५,९७,८९५.४१ होते. अहवालात ते आरंभीच्या खर्चातून थेट वजा केले, तर निव्वळ वर्तमान मूल्य २,४२,१०४.५९ ने फुगते. मधल्या काळात तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारत नसेल, तर त्यातला काही भाग भरून निघतो. पण तेही मांडून दाखवावे.

हापूस_आणि_हिशेब (रत्नागिरी)

मी आंब्याच्या नव्या लागवडीचा हिशेब करीत आहे. पहिली चार वर्षे उत्पन्न नाही असे धरले, तर त्या वर्षांचे काय भरायचे? ती ओळ सोडून थेट पाचव्या वर्षाची रक्कम भरली, तर उत्तर फारच चांगले येते आहे.

सीमोल्लंघन (सिंगापूर)

चांगले येणारच, कारण कॅल्क्युलेटरला वर्षाचा क्रमांक माहीत नसतो. ज्या क्रमाने रक्कम भरली तोच त्याचा काळ. ‘सी०१’ येथे ० एंटर करून ‘एफ०१’ येथे ४ भरावेत आणि मग पाचव्या वर्षाची रक्कम ‘सी०२’ येथे भरावी. एक्सेलमध्येही रिकामा रकाना ठेवू नये, कारण एनपीव्ही सूत्र रिकामे रकाने वगळून पुढे जाते. तेथे शून्य लिहावे. मात्र बागेत पहिली वर्षे खरोखर शून्याची नसतात. राखण, खत, पाणी यांचा खर्च असतो, म्हणून तेथे बहुधा उणे रक्कम येईल.

कृष्णाकाठ (सांगली)

वटावदर आणि कालावधी यांचा मेळ हा आणखी एक नाजूक भाग आहे. आवक सहामाही मांडली, तर एनपीव्हीच्या ‘आय’ समोर सहामाही दरच द्यावा लागतो. बीए २ प्लसवर वर्षातील हप्त्यांची संख्या ठरवणारी जी मांडणी आहे, ती केवळ कालमूल्याच्या कळांना लागू होते. रोखप्रवाहाच्या यादीला ती लागत नाही. त्यामुळे तेथे २ भरून ‘आय’ समोर १२ दिले, तर दर सहामाहीला पूर्ण १२ टक्के कापले जातात.

मग सहामाही दर किती घ्यायचा? वार्षिक प्रभावी दर १२ टक्के असेल, तर १.१२ चे वर्गमूळ काढून एक वजा करावा, ५.८३ टक्के येतात. बँकेने सांगितलेला दर ‘१२ टक्के, सहामाही चक्रवाढ’ असा असेल तर ६ टक्के, आणि त्याचा प्रभावी वार्षिक दर १२.३६ टक्के होतो. बीए २ प्लसवर सेकंड आणि आयसीओएनव्ही या जोडीने हे रूपांतर होते.

प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत हा मुद्दा उगाच काढलेला नाही. विदर्भात तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते आणि डाळमिलची धावपळ त्यानंतरच्या महिन्यांत असते. वर्षभराची आवक एकगठ्ठा ३१ मार्चला मिळाली असे मानणे, हा पुस्तकी संकेत आहे. सगळी आवक सरासरीने वर्षाच्या मध्याला येते असे धरले, तर आवकेच्या वर्तमान मूल्याला १.१२ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.०५८३ ने गुणावे. खेळते भांडवल बाजूला ठेवून पाहिले, तर निव्वळ वर्तमान मूल्य ३,०७,३३८ ऐवजी ४,६५,१७८ होते. अर्थात भंगाराचे ४ लाख वर्षाअखेरच येणार, त्यामुळे हा आकडा थोडा जास्तच आहे. तारखाच माहीत असतील, तर एक्सेलमधील एक्सएनपीव्ही सूत्र वापरावे. ते ३६५ दिवसांच्या वर्षाने नेमका काळ मोजते आणि त्यात पहिली रक्कम आरंभीचीच धरली जाते, म्हणजे ती कंसाबाहेर काढायची नसते.

खतावणी (लातूर)

१२ टक्के हा दर कोठून आला, हे कोणीच विचारले नाही.

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

बँकेचा मुदत कर्जाचा दर आणि स्वतःच्या पैशावर आम्हाला हवा असलेला परतावा, यांची ढोबळ सरासरी आहे. त्याहून शास्त्रीय आधार नाही, हे मान्य.

दिवाणजी_६४ (नागपूर)

मग एकाच दरावर विसंबू नये. रोखप्रवाह एकदा भरून झाले की दर बदलणे दोन कळांचे काम आहे: एनपीव्ही दाबा, नवा दर एंटर करा, बाण आणि सीपीटी. उधारीचे ३ लाख बाजूला ठेवून मूळ आकड्यांवर ९ टक्क्यांना ५,४७,८५३ येतात, १२ ला ३,०७,३३९, आणि १८ ला उणे ९१,६४२. मध्ये कोठेतरी शून्य आहे, तोच १६.४९ टक्क्यांचा अंतर्गत परतावा दर. तुमच्या ढोबळ सरासरीत दोन-तीन टक्क्यांची गफलत असली, तरी या मूळ आकड्यांवर यंत्राचा निर्णय बदलत नाही. दर १२ की १२.५, यावर वाद घालण्यापेक्षा पहिल्या वर्षाची आवक ५ लाख होईल का, यावर विचार करणे मला जास्त उपयोगी वाटते.

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

सर्वांचे मनापासून आभार. आता एक नवा पेच. शेजारच्या गावात एक वापरलेले सॉर्टेक्स १२ लाखांत मिळते आहे. ते तीन वर्षे चालेल, दरवर्षी निव्वळ ६ लाख देईल, आणि शेवटी भंगारात काही येणार नाही असे धरतो. तुलना सोपी राहावी म्हणून दोन्हींकडे उधारीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य २,४१,०९८.७६ आले, म्हणजे नव्या यंत्रापेक्षा कमी. तर नवेच घ्यावे असा निष्कर्ष निघतो का?

गणितमित्र (पुणे)

नाही, कारण एक यंत्र पाच वर्षे कमावते आणि दुसरे तीन. दोन्हींची वार्षिक बरोबरी, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य दरवर्षीच्या सारख्या रकमेत बदलून येणारा आकडा, काढावी लागेल. बीए २ प्लसवर त्यासाठी कालमूल्याच्या कळा लागतात. येथे मात्र वर्षातील हप्त्यांची संख्या १ असल्याची आणि पडद्यावर ‘बीजीएन’ (हप्ते कालावधीच्या आरंभी धरल्याची खूण) दिसत नसल्याची खात्री करून घ्यावी. नव्या यंत्रासाठी एन ५, आय/वाय १२, पीव्ही उणे ३,०७,३३८.६१, एफव्ही ०, आणि सीपीटी पीएमटी: वर्षाला ८५,२५८.७२. जुन्यासाठी एन ३ आणि पीव्ही उणे २,४१,०९८.७६: वर्षाला १,००,३८१.२२. वर्षागणिक पाहिले तर जुने यंत्र वरचढ ठरते.

कृष्णाकाठ (सांगली)

या पद्धतीत एक गृहीतक लपलेले आहे: तीन वर्षांनी तशाच स्थितीतले, त्याच किमतीचे दुसरे वापरलेले यंत्र पुन्हा मिळेल. वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात असा भरवसा कोण देणार?

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

कोणीही नाही. ही एकच संधी आहे, त्या मिलने मोठे यंत्र घेतल्यामुळे जुने निघाले आहे. तीन वर्षांनी आम्हाला नवेच घ्यावे लागेल.

गणितमित्र (पुणे)

मग साखळी तशीच मांडावी: आधी जुने तीन वर्षे, त्यानंतर नवे पाच वर्षे. नव्या यंत्राचे ३,०७,३३८.६१ हे तीन वर्षांनी मागे आणले की २,१८,७५७.५५ होतात. त्यात जुन्याचे मिळवून आठ वर्षांचे एकूण ४,५९,८५६.३१, आणि एन ८ घेऊन वार्षिक बरोबरी सुमारे ९२,५७०. नवे यंत्र आजच घेण्याच्या ८५,२५९ पेक्षा हे अजून जास्त आहे.

पण यात तीन वर्षांनी नवे यंत्र २४ लाखांनाच मिळेल असे धरले आहे. आवक तशीच ठेवून किंमत किती वाढली तर दोन्ही मार्ग सारखे होतील, हे उलटे काढून पाहिले. उत्तर सुमारे ५१,००० रुपये येते, म्हणजे तीन वर्षांत मिळून जेमतेम दोन टक्के वाढ.

वऱ्हाडी_हिशेब (अकोला)

एवढ्या किंमतवाढीची तर खात्रीच धरावी लागेल. विक्रेत्याकडून वॉरंटी आणि सुट्या भागांचे दर लेखी मागवले आहेत. जुन्या यंत्राचे कॅमेरे व इजेक्टर बदलावे लागले तर काय खर्च येईल, हे तंत्रज्ञाकडून समजले की जुन्याची ६ लाखांची आवक दुरुस्त करून तेवढीच ओळ पुन्हा भरीन आणि आकडे येथे टाकीन.